कुत्र्यासाठी चांगला डॉक्टर कसा शोधायचा, आणि सापडल्यावर आपण काय करायचं

बहुतेक जण कुत्रं आजारी पडलं की मग डॉक्टर शोधायला लागतात, तहान लागल्यावर विहीर खणायची तसं. रात्री अकरा वाजता कुत्रं तिसऱ्यांदा ओकलंय, घरातले सगळे घाबरलेत, कोणीतरी फोनवर जवळचा व्हेट शोधतंय, अशा वेळी निवड वगैरे काही होत नाही, ज्याचं दार उघडं दिसेल तिथे आपण जातो आणि ते जे म्हणतील ते करतो. म्हणून पहिलं सांगणं हेच की डॉक्टर शोधायचा तो कुत्रं ठणठणीत असताना, पिल्लू आणायचं ठरलं असेल तर ते घरी यायच्या आधीच.

दुसरं म्हणजे, डॉक्टर कुत्र्याला बघतात पंधरा-वीस मिनिटं आणि बाकी सगळा वेळ ते तुमच्या डोळ्यांसमोर असतं. मुकं जनावर, कुठे दुखतंय ते सांगणार नाही, उलट क्लिनिकमध्ये गेल्यावर घाबरून दुखणं लपवणार. घरी तीन पायांवर उड्या मारणारं कुत्रं तिथे डॉक्टरांसमोर चारही पाय टेकून ताठ उभं राहतं हे मी कितीदा तरी बघितलंय. त्यामुळे डॉक्टर कितीही हुशार असू दे, त्यांना जे दिसत नाही ते तुम्हीच सांगायचंय, आणि या लेखात मी जास्त त्याबद्दलच बोलणार आहे कारण डॉक्टर कसा असावा यावर सगळे बोलतात, कुत्र्याच्या माणसानं काय करावं यावर फारसं कोणी बोलत नाही.

शोधताना

ओळखीतल्या कुत्रेवाल्यांना विचाराच, पण प्रश्न नीट विचारा. "तुमचा डॉक्टर चांगला आहे का" म्हटलं की सगळे हो म्हणतात. ज्यांचं कुत्रं खरंच मोठ्या आजारातून गेलंय, ऑपरेशन झालंय, किंवा वाचलं नाही, त्यांना विचारा की तेव्हा डॉक्टर कसे वागले, फोन उचलला का, नीट समजावून सांगितलं का, काही चुकलं तर कबूल केलं का. फक्त लस टोचायला जाणाऱ्याचं मत आणि कुत्रं दहा दिवस सलाईनवर होतं त्याचं मत यात फार फरक असतो. आणि हो, डॉक्टरांची तुमच्या भागातल्या व्हेटरनरी कौन्सिलकडे नोंदणी आहे ना हे बघायला संकोच करू नका, पेट शॉपमध्ये लस टोचून देणारा मुलगा म्हणजे डॉक्टर नाही.

मग एकदा कुत्र्याला न घेता क्लिनिकमध्ये जाऊन या. दहा मिनिटं नुसतं बसा. तिथली माणसं कुत्र्याला कशी धरतात ते बघा, मानगुटीला पकडून ओढतात की आधी हात हुंगायला देतात. उलट्या-जुलाब होणारं पिल्लू आलं तर त्याला बाकीच्यांपासून लांब बसवतात का बघा, पार्वो असेल तर तो व्हायरस जमिनीवर, चपलांवर महिनोन्‌महिने टिकतो आणि लस अर्धवट झालेल्या दुसऱ्या पिल्लाच्या जिवावर बेततं. टेबल दोन कुत्र्यांच्या मध्ये पुसतात का? लस फ्रीजमधून काढतात का? लस २ ते ८ डिग्री सेल्सियसला ठेवायला लागते, बाहेर ट्रेमध्ये पडून राहिलेली लस टोचली काय आणि न टोचली काय, सारखंच.

बोलायला मिळालं तर तीन गोष्टी थेट विचारा. रात्री दोन वाजता काही झालं तर मी कुठे फोन करू? ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर कुत्र्याच्या श्वासावर आणि ठोक्यांवर नजर ठेवायला ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरशिवाय वेगळं माणूस असतं का? आणि ॲडमिट केलेल्या कुत्र्याजवळ रात्रभर कोण असतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच ठिकाणी "कोणी नाही" असं असतं. तसं असलं म्हणून ते क्लिनिक वाईट असं नाही, छोट्या क्लिनिकला ते परवडत नाही, पण आपल्याला आधी माहीत पाहिजे, म्हणजे गंभीर केस असेल तेव्हा चोवीस तास चालणाऱ्या हॉस्पिटलला न्यायचं हे आधीच ठरवता येतं. ते हॉस्पिटल कुठे आहे, रात्री पोचायला किती मिनिटं लागतात हे एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. मी गेले होते, नकाशावर वीस मिनिटं दाखवत होतं आणि गेट कुठल्या बाजूला आहे हे शोधण्यातच दहा गेली.

पहिली भेट

पहिली भेट शक्यतो साध्या तपासणीची ठेवा. डॉक्टर हातानं तपासतात का, एवढं एकच बघायचं असेल तरी पुरे. चांगली तपासणी नाकापासून शेपटीपर्यंत होते, म्हणजे डोळे, कान, ओठ वर करून दात आणि हिरड्या, जबड्याखालच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी, पोट दोन्ही हातांनी हळूहळू दाबून बघणं, स्टेथोस्कोप लावून बोलणं थांबवून नीट ऐकणं, त्याच वेळी मांडीच्या आतून नाडी धरणं, ताप बघणं, आणि वजन. वजन तर दर भेटीला झालंच पाहिजे, कुत्र्यांची जवळजवळ सगळी औषधं किलोवर ठरतात, आणि दोन किलो कमी झालेलं आपल्याला रोज बघून कळत नाही, काट्यावर कळतं. खुर्चीतून न उठता चिठ्ठी लिहून देणारे डॉक्टर कितीही नावाजलेले असले तरी मी परत जात नाही.

"मला अजून नक्की सांगता येत नाही, बघायला लागेल" असं म्हणणारा डॉक्टर मला आवडतो. दुसरं म्हणजे इंजेक्शन देताना ते कशाचं आहे हे सांगणारा आणि फाईलवर औषधाचं नाव आणि डोस लिहिणारा. नाव न सांगता दोन इंजेक्शनं टोचून पाठवलं तर दुसऱ्या दिवशी रात्री दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली की तुम्ही काय सांगणार? स्टेरॉइड दिलेलं असेल आणि वरून दुसऱ्यानं सूज-दुखीचं औषध दिलं तर पोटात अल्सर होऊ शकतो, पार रक्ताच्या उलट्यांपर्यंत जाऊ शकतं. तेव्हा विचारा, लिहून घ्या, यात उद्धटपणा काही नाही.

लसींचं वेळापत्रक समजून घ्या म्हणजे डॉक्टरांशी नीट बोलता येतं. पिल्लाला साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, निदान १६ आठवड्यांचं होईपर्यंत डिस्टेंपर, हिपॅटायटिस आणि पार्वोची लस देतात. लोक विचारतात एकच लस परत परत का, तर आईच्या दुधातून मिळालेल्या अँटीबॉडीज लसीला काम करू देत नाहीत आणि त्या प्रत्येक पिल्लात कधी संपतील ते सांगता येत नाही, म्हणून १६ आठवड्यांच्या सुमाराचा डोस सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक चुकवतात. त्यानंतर सहा महिने ते एक वर्षाच्या दरम्यान बूस्टर. मोठ्या कुत्र्याला या तीन लसी दर वर्षी लागत नाहीत, तीन वर्षांपेक्षा कमी अंतरानं देऊ नयेत असंच जागतिक पातळीवरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, मात्र लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस वर्षभरच टिकते आणि रेबीजचं तुमच्या भागातला कायदा जे म्हणतो ते. तुमचे डॉक्टर दर वर्षी सगळंच टोचत असतील तर भांडू नका, का ते विचारा. लसीच्या बाटलीवरचा स्टिकर पुस्तकात चिकटवलाय ना, एवढं मात्र तिथल्या तिथे बघा.

डॉक्टरला काय सांगायचं

माझा बंड्या, लहान चणीचा, अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याला खोकला लागला. खोकून खोकून शेवटी घशात काही अडकल्यासारखा खाकरायचा. मी तेव्हाच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं की घसा धरलाय, त्यांनी अँटिबायोटिक सांगितलं, आठ दिवसांनी परत तेच, परत दुसरं अँटिबायोटिक. पंधरा-वीस दिवस असेच गेले आणि मी ते अंगावर काढू दिलं. चूक त्यांची होती की तपासायला बोलावलं नाही, आणि माझी मोठी, की मी लक्षण सांगायच्या ऐवजी निदान सांगितलं, "घसा धरलाय" हे माझं मत होतं, दिसत होता तो खोकला.

मग दुसऱ्या एका डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्या आधी जमिनीवरच बसल्या, बंड्या हुंगून झाल्यावर त्याच्याच बाजूला वळून स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ, मी बोलायला लागले तर हातानं थांबवलं. मग विचारलं, झोपेत असताना एका मिनिटात श्वास किती होतात? मला काही सांगता येईना. त्या म्हणाल्या आज रात्री तो गाढ झोपला की छातीकडे बघा, वर जाऊन खाली आली की एक, पूर्ण एक मिनिट मोजा आणि मला पाठवा. त्या रात्री मी अंधारात मोबाईलचं घड्याळ लावून त्याच्याशेजारी बसले, ४४ झाले. परत मोजले, ४६. झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला ३० च्या आत पाहिजेत. मी आकडा पाठवला, त्यांनी लगेच बोलावून घेतलं, एक्स-रे काढला, हृदयाची झडप नीट मिटत नव्हती, हृदय मोठं होऊन श्वासनलिकेला लागत होतं म्हणून खोकला, आणि फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांमध्ये हा आजार खूप दिसतो. घशाला काहीही झालेलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी वही ठेवते, तुम्हीही ठेवा, मोबाईलमध्ये ठेवली तरी चालेल. त्यात रोज काही लिहायचं नाही, पण कुत्रं बरं असताना त्याचे आकडे लिहून ठेवा म्हणजे बिघडल्यावर तुलना करता येते. झोपेतले श्वास मोजून ठेवा. ताप मोजायला साधा डिजिटल थर्मामीटर, थोडं व्हॅसलिन लावून शेपटीखाली, कुत्र्याचं नॉर्मल साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, माणसाच्या हिशोबानं बघून लोक उगाच घाबरतात, आणि नाक गरम म्हणजे ताप हे तर साफ खोटं आहे. हिरड्या बघायची सवय लावा, गुलाबी असतात, बोटानं दाबलं की पांढऱ्या होतात आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजेत (काही कुत्र्यांच्या हिरड्या काळ्याच असतात, मग डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा).

डॉक्टरकडे गेल्यावर सांगायचं ते असं, कधी सुरू झालं, दिवसात किती वेळा, खाण्याच्या आधी की नंतर, वाढतंय की तेवढंच आहे, पाणी पितंय का, शू-शी कशी, आणि गेल्या आठवड्यात घरात नवीन काय झालं. नवं खाणं, नवं औषध, कोणाच्या घरी राहिलं, गोचीड निघाली, काहीही. "जरा सुस्त आहे" यातून काही कळत नाही, "रोज जिना पळत चढतो, परवापासून खालच्या पायरीवर थांबून बघतो" यातून बरंच कळतं. उलटी सांगताना एक गोष्ट जरूर बघा, पोट आत-बाहेर जोरात हलून मग बाहेर आलं की नुसती मान खाली घालून न पचलेलं तसंच्या तसं पडलं. पहिलं पोटाचं दुखणं, दुसरं बहुतेक अन्ननलिकेचं, आपण दोन्हीला उलटीच म्हणतो आणि तपासण्या मात्र पूर्ण वेगळ्या लागतात.

आणि व्हिडिओ काढा. लंगडणं, खोकला, फिट, मध्येच नाकानं जोरजोरात आत श्वास ओढणं, हे सगळं क्लिनिकच्या दारात गेल्यावर हमखास थांबतं. फिट आली तर घड्याळ बघा, आजूबाजूचं सामान सरकवा, तोंडात हात किंवा चमचा घालू नका, आणि दुसऱ्या कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. चालण्याचा व्हिडिओ बाजूनं, समोरून आणि मागून असा तिन्हीकडून, पट्टा ढिला सोडून.

शी तपासायला न्यायची असेल तर ताजी न्या, सकाळची त्याच दिवशी. शू सकाळची पहिली, धार सुरू झाल्यावर मधली, स्वच्छ कोरड्या डबीत. पसरट वाटी काठीला बांधून पुढे केली की कुत्र्याला कळतही नाही. दोन-एक तासात पोचवता येत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा.

लपवू मात्र काही नका. ताटातलं दिलं, दोन दिवस गोळी चुकली, तुमच्या गोळ्यांचं पाकीट चावलं, घरातल्या कोणाचा गांजा खाल्ला, जे असेल ते सरळ सांगा. डॉक्टरांना तुम्हाला रागवायचं नसतं, त्यांना वेळ वाचवायचा असतो, आणि विषबाधेत तर पहिला एक-दोन तासच सगळं ठरवतो.

क्लिनिकची भीती

कुत्रं क्लिनिकच्या दारातच बसून राहतं, थरथरतं, गुरगुरतं, त्यात तुमचं किंवा त्याचं चुकत नाही, तिथे गेलं की टोचतात एवढंच त्याला माहीत असतं. म्हणून काहीही काम नसताना अधूनमधून घेऊन जा, वजनकाट्यावर उभं करा, त्याचा आवडता खाऊ द्या आणि घरी. आधी फोन करून विचारलं तर बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. घरी रोज कान उघडून बघणं, पंजे हातात धरणं, ओठ वर करणं याची सवय पिल्लूपणापासून लावली तर तपासणीत अर्धी लढाई तिथेच संपते. मझलची, म्हणजे चावू नये म्हणून तोंडावर बांधतात त्याची, सवय सुद्धा घरीच लावा, जाळीचा घ्या ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापता येतं, आत खाऊ ठेवून नाक घालू द्यायचं, आठवडाभर हेच. दुखत असताना सगळ्यात गरीब कुत्रं सुद्धा चावतं. तुमचं कुत्रं आधी कोणाला चावलंय किंवा दात दाखवतंय तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.

फारच घाबरणारं असेल तर डॉक्टरांना विचारा, घरून निघायच्या आधी द्यायच्या भीती कमी करणाऱ्या गोळ्या असतात, त्या द्यायला काही कमीपणा नाही. आणि गुरगुरल्यावर त्याला ओरडू नका, फटका तर नाहीच. गुरगुरणं बंद करायला शिकलेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं.

पैसे आणि तपासण्या

याबद्दल लोक आडून आडून बोलतात आणि मग घरी येऊन डॉक्टर लुटतो म्हणतात. माझं म्हणणं, पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका की एवढं मला जमेल. चांगला डॉक्टर त्यात बसेल असा रस्ता काढतो, कुठली तपासणी आज हवी आणि कुठली दोन दिवस थांबू शकते हे सांगतो. एक प्रश्न तर मी प्रत्येक वेळी विचारते, "या रिपोर्टमुळे आपण उपचार बदलणार आहोत का?" हो असेल तर करायचीच तपासणी, नाही असेल तर डॉक्टर स्वतःच म्हणतात राहू द्या. ऑपरेशनचा खर्च लेखी घ्या, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा, आणि त्यात भुलेच्या आधीची रक्ततपासणी, ऑपरेशन नंतरचं वेदनाशामक, टाके काढायची भेट हे धरलंय का बघा. वेदनाशामक तर विचाराच, नसबंदीनंतर कुत्रं गप्प पडून आहे म्हणजे दुखत नाही असं अजिबात नसतं.

दात साफ करून घेताना भूल न देता करतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. वरून पांढरे दिसतील, पण घाण हिरडीच्या खाली असते आणि जागं कुत्रं तिथे हात लावू देत नाही.

घरी औषध देताना

कोर्स पूर्ण करायचा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तिसऱ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं की सगळे विसरतात. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर ते एकदम कधीच थांबवू नका, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात, आणि ते चालू असताना कुत्रं जास्त पाणी पितं, जास्त शू करतं, घरात झाली तर त्याला रागवू नका. गोळी खातच नसेल, थुंकत असेल तर दोन दिवस झगडून गप्प बसण्यापेक्षा फोन करा, सिरप मिळतं, चव लावलेली गोळी मिळते, कधी इंजेक्शनही असतं.

माणसाच्या गोळ्या मनानं देऊ नका हे मी हात जोडून सांगते. आयबुप्रोफेननं पोटात अल्सर होतो आणि किडनी जाते, पॅरासिटामॉल लिव्हर आणि रक्ताच्या लाल पेशी दोन्ही खराब करतं. आयव्हरमेक्टिन (जंत-किड्यांवरचं औषध) एका कुत्र्याला चाललं म्हणून दुसऱ्याला चालेल असं नाही, कोली आणि त्या जातीच्या जवळच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये एक जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे औषध मेंदूत साठतं आणि कुत्रं कोमात जाऊ शकतं. शेजाऱ्याच्या कुत्र्याला याच मलमानं बरं वाटलं होतं, हे वाक्य तर कानावरही घेऊ नका.

डॉक्टरांना मेसेज करताना सगळं एकाच मेसेजमध्ये टाका. कुत्र्याचं नाव, वय, वजन, काय होतंय, कधीपासून, कुठली औषधं चालू आहेत, व्हिडिओ. "हॅलो डॉक्टर" टाकून वाट बघत बसायचं नाही. दिवसभर ऑपरेशनं करणाऱ्या माणसाला रात्री साडेबाराला केस गळण्याबद्दल विचारू नका, म्हणजे खरंच जिवावर बेतलेलं असेल त्या रात्री तुमचा फोन आला की ते उचलतील.

ती रात्र कुठली हे ओळखता यायला पाहिजे. पोट फुगलंय आणि कुत्रं ओकायचा प्रयत्न करतंय पण काहीच बाहेर येत नाही, विशेषतः मोठं, खोल छातीचं कुत्रं, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो, सकाळची वाट बघायची नाही, मिनिटं मोजायची. हिरड्या पांढऱ्या, निळ्या किंवा विटेसारख्या लाल. फिट पाच मिनिटांच्या वर किंवा एका दिवसात दोन-तीन वेळा. नर कुत्रं पाय वर करून उभं राहतंय आणि शू येत नाहीये. नसबंदी न झालेली मादी, माजावर येऊन गेल्यानंतर एक-दोन महिन्यात खूप पाणी पितेय, जेवत नाही, कधी खालून पू येतो, कधी काहीच येत नाही, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. ऊन लागून धापतंय, लडखडतंय, तर आधी अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि मग गाडीत घाला, गाडीतही ओलंच राहू द्या. विषारी काही खाल्लं, चॉकलेट, द्राक्षं, मनुका, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगगम, उंदराचं औषध, तर पाकीट सोबत घ्या, किती खाल्लं त्याचा अंदाज सांगा, आणि मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका, त्या मिठानंच कुत्री दगावतात. निघायच्या आधी एकानं फोन करावा, म्हणजे पोचेपर्यंत तिथे तयारी होते.

दुसरं मत, आणि डॉक्टर बदलणं

मोठं ऑपरेशन सांगितलंय, किंवा तीन आठवडे होऊन फरक नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं. चोरून जाऊ नका. "डॉक्टर, मला एकदा हृदयाच्या किंवा त्वचेच्या तज्ज्ञाला दाखवायचंय, तुम्ही कोणाचं नाव सांगाल?" असं विचारलं की चांगला डॉक्टर स्वतः चिठ्ठी लिहून देतो. रिपोर्ट, एक्स-रे, औषधांची यादी सगळं घेऊन जा, नाहीतर दुसरे डॉक्टर परत पहिल्यापासून सुरू करणार आणि तुमचे पैसे आणि कुत्र्याचं रक्त दोन्ही जाणार. एकाच वेळी दोघांची औषधं मात्र देऊ नका.

बदलायचा कधी? प्रश्न विचारला की चिडतात, हात न लावता औषध देतात, औषधाचं नाव सांगत नाहीत, कुत्र्याला मारतात. यातलं शेवटचं एकदा झालं तरी पुरे. पण कुत्रं वाचलं नाही म्हणून रागानं डॉक्टर बदलणार असाल तर थोडे दिवस जाऊ द्या आणि मग त्यांना भेटून काय झालं ते विचारा. मला माहीत असलेले चांगले डॉक्टर अशा भेटीला वेळ देतात.

म्हातारपण

सात-आठ वर्षांनंतर (मोठ्या जातींमध्ये आणखी आधी) वर्षातून दोनदा तपासणी करा, रक्त आणि लघवी सकट. आणि शेवटाबद्दलचं बोलणं कुत्रं अजून बरं असताना करून ठेवा. तुम्ही घरी येता का, रात्री वेळ आली तर काय, त्यानंतर काय काय करायचं असतं, सगळं. बंड्याला हृदयाची औषधं सुरू झाल्यावर दीड वर्ष मिळालं, छान दीड वर्ष, रोज झोपेतले श्वास मोजून लिहिलेत मी. मग आकडे औषध वाढवूनही खाली येईनात. मॅडमनी मला सांगितलं, त्याला आवडणाऱ्या पाच गोष्टी लिहा आणि त्यातल्या किती तो अजून करतो ते दर दोन दिवसांनी बघा. पाचाच्या तीन झाल्या, मग एक.

त्यांनी आठवडाभर आधी सगळं सांगून ठेवलं होतं, की आधी गुंगीचं इंजेक्शन देऊ, तो गाढ झोपेल, मग दुसरं, त्यात काही मिनिटांत हृदय थांबेल, डोळे उघडेच राहतील, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं किंवा पाय हलल्यासारखं वाटेल पण तेव्हा त्याला काही कळत नसेल, शू होईल म्हणून खाली टॉवेल ठेवा. त्या दिवशी त्या घरी आल्या, नेहमीसारख्या जमिनीवर बसल्या, त्यानं त्यांचा हात हुंगला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला त्यांना काहीही विचारावं लागलं नाही.